हँडब्रेक आवळून भागत नाही

खंबाटकी, कसारा किंवा बोरघाट चढताना रस्त्याच्या मधोमध पडलेला मोठा दगड महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. ट्रक बंद पडतो, चालक किंवा क्लीनर खाली उतरून चाकामागे दगड लावतो, बिघाड निघतो, ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्या दगडावर अवलंबून असतो. रस्त्यात दगड सोडून जाणे हा गुन्हा आहे याबद्दल वाद नाही. पण दगड लावणाऱ्याच्या मनात काय असते, हेही पाहायला हवे. त्याचा आपल्या गाडीच्या हँडब्रेकवर विश्वास नसतो, आणि हा अविश्वास त्याला इतका सवयीचा झालेला असतो की ‘हँडब्रेक धरत नाही’ हे वाक्य तो बिघाड म्हणून सांगतच नाही. गाडीचा रंग जुना आहे म्हणावे, तसे ते सांगतो. गॅरेजमध्ये नेलेच तर केबल थोडी आवळली जाते आणि विषय संपतो. हँडब्रेक आवळणे ही दुरुस्ती नव्हे, उलट बहुतेक वेळा त्याने खरा दोष झाकला जातो, असे माझे म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी मी एका जुन्या लष्करी ट्रकचे उदाहरण घेतो, कारण तिथे या सवयीची किंमत सर्वांत मोठी आहे आणि दोषाची साखळीही सर्वांत स्वच्छ दिसते.

हा ट्रक म्हणजे अमेरिकी लष्कराचा एम-३५. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो सेवेत आला आणि पुढची चार दशके अमेरिकी सैन्याची बरीचशी ओझी त्याने वाहिली. कच्च्या वाटेवर अडीच टन माल, म्हणून सैनिकांनी त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ हे नाव दिले. सहाही चाकांना ताकद देता येणारा, रिकामाच जवळपास सहा टन वजनाचा हा ट्रक आधी रिओ, मग कैसर-जीप आणि ए. एम. जनरल या कंपन्यांनी बनवला. व्हिएतनाममध्ये क्वी न्हॉनच्या बंदरापासून प्लेइकूपर्यंत जाणाऱ्या १९ क्रमांकाच्या महामार्गावर आन खे आणि मांग यांग या दोन घाटांतून याच ट्रकांचे तांडे माल नेत असत. पुढे सरकारी लिलावांतून हजारो ट्रक खासगी हातांत गेले. आज शेतकरी, लाकूडतोडे, जंगलातले वणवे विझवणारी छोटी पथके आणि जुन्या लष्करी गाड्यांचे शौकीन ते चालवतात. आणि त्यांच्या तक्रारींत एक तक्रार हमखास असते: चढावर हँडब्रेक ट्रक धरून ठेवत नाही.

या ट्रकचा हँडब्रेक चाकांमध्ये नसतोच. तो बसवलेला असतो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलांना वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या तोंडाशी, जिथून मागच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथे. तिथे एक ड्रम असतो. त्याच्या आतून एक शू आणि बाहेरून एक शू दाबला जातो, चिमटीत धरल्यासारखा. एवढासा ड्रम सहा टनांचा ट्रक कसा धरणार, असा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतो. उत्तर क्राउन-पिनियनमध्ये आहे. एम-३५च्या एक्सलमध्ये शाफ्ट ६.७२ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. दहाला एक अशा चढावर सहा टनांचा ट्रक साधारण सहाशे किलोच्या जोराने मागे ओढला जातो. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरली तर चाकांपाशी तीनशे किलोग्रॅम-मीटरचे पीळबळ रोखावे लागते. पण शाफ्टपाशी तेच ६.७२ने भागले जाऊन पंचेचाळीसच्या आसपास उरते. म्हणजे ही जागा हुशारीने निवडलेली आहे. कमी पकडीत मोठे काम होते, ड्रम चाकांच्या चिखलापाण्यापासून दूर राहतो, आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असली तरी ब्रेक लागू राहतो, कारण तो तिच्या पुढच्या टप्प्यावर आहे. पण या हुशारीची दुसरी बाजूही आहे. गुणाकाराने जसा फायदा होतो तसाच तोटाही होतो: ड्रमवरची पकड जेवढी घटेल, तेवढे चाकांपाशी ६.७२ पटीने गमावले जाते. शिवाय धावत्या ट्रकमध्ये हा शाफ्ट चाकांपेक्षा तितक्याच पटीने जास्त वेगाने फिरत असतो. ताशी ५० किलोमीटरला तो मिनिटाला सुमारे साडेसतराशे फेरे घेतो. त्या वेगात हँडब्रेक ओढला, किंवा अर्धवट ओढलेला विसरून गाडी काढली, तर शूंवरचे घर्षणाचे आवरण, म्हणजे लायनर, काही मिनिटांत जळून काचेसारखे गुळगुळीत होते.

एरवी हँडब्रेक हा उभ्या गाडीचा ब्रेक. मग त्याची एवढी काळजी कशाला? या ट्रकच्या पायाच्या ब्रेकची रचना पाहिली की याचे उत्तर मिळते. पेडलखाली एकच मास्टर सिलिंडर, हवेच्या दाबाने जोर वाढवणारे एक यंत्र, आणि तिथून सहाही चाकांना जाणारे ब्रेक ऑइलचे एकच मंडळ. सहांपैकी कोणत्याही एका चाकाची रबरी नळी फुटली, एखादी लोखंडी नळी गंजून फुटली किंवा एका चाकाचा सिलिंडर गळला, तर सहाही चाकांचा ब्रेक एकदम जातो आणि पेडल तळाला टेकते. अमेरिकेत नव्या प्रवासी मोटारींना १ जानेवारी १९६८पासून दोन स्वतंत्र मंडळांचा ब्रेक सक्तीचा झाला. लष्करी ट्रक मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे एकाच मंडळावर धावत राहिला. १९९०च्या दशकात काही ट्रकांची एम-३५ए३ म्हणून पुनर्बांधणी झाली, तेव्हा कुठे हे बदलले. म्हणजे एकाच मंडळाच्या एम-३५मध्ये पायाचा ब्रेक गेला की उरतो तो एकटा हँडब्रेक. तो उतारावरचा धावता ट्रक सहज थांबवेल अशी आशा कुणी धरू नये. पण गिअर खाली आणत, हँडब्रेक हळूहळू लावत ट्रक कुठेतरी कडेला आणण्याची एकमेव संधी तोच देतो. अशा गाडीत कमकुवत हँडब्रेक म्हणजे दुसरा ब्रेकच नसणे.

आता त्या आवळण्याकडे येऊ. एम-३५च्या हँडब्रेकच्या लिव्हरला वरच्या टोकाशी फिरणारी गोल मूठ असते. लिव्हर खाली, म्हणजे ब्रेक सुटलेला असताना ती उजवीकडे फिरवली की केबलमधली ढिलाई कमी होते. ट्रकच्या रचनाकारांनी ही सोय मुद्दाम दिली, आणि ती उत्तम आहे. चालकाला खाली न उतरता, हातात पाना न घेता रोजची झीज भरून काढता यावी, हा तिचा हेतू. पण लष्करात त्या मुठीच्या मागे एक पूर्ण व्यवस्था उभी होती. निघण्याआधी, वाटेत आणि परतल्यावर काय तपासायचे याचे तक्ते चालकाला ठरवून दिलेले असत. मूठ फिरवून भागले नाही तर गाडी कारागिरांकडे जाई, आणि ते केबलचे टोक, शूंमधले अंतर, लायनर, ड्रम अशा क्रमाने पुढचे काम करीत. म्हणजे मूठ ही दुरुस्तीच्या शिडीची पहिली पायरी होती. लिलावातून ट्रक खासगी माणसाकडे आला तेव्हा मूठ आली, शिडी मागे राहिली. मग ती मूठ दर वर्षी थोडी थोडी फिरत जाते आणि एक दिवस तिचे आटे संपतात. तोवर मालकाला वाटत असते की आपण हँडब्रेकची देखभाल करतो आहोत.

या फसगतीमागे लिव्हरची घडणही आहे. आपल्या मोटारींतल्यासारखी दात्यांवर टकटक वाजत चढणारी ही लिव्हर नव्हे. ती एका मर्यादेपर्यंत जोर मागते आणि मग मध्यबिंदू ओलांडून खटकन पलीकडे बसते. मूठ जितकी आवळलेली, तितका तो खटका जड. त्यामुळे लिव्हर ओढायला दोन हात लागले की मनात येते, ब्रेक आता चांगलाच लागला. पण हाताला लागतो तो केबलचा ताण. ड्रमवर मिळणारी पकड ताण आणि घर्षण यांच्या गुणाकारातून येते, आणि घर्षणाबद्दल लिव्हर एक अक्षर बोलत नाही. लायनर तेलाने भिजलेले असेल तर घर्षण निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. तेव्हा ताण दुप्पट केला तरी गाडी पूर्वीइतकी धरली जात नाही, फक्त केबल, तिची टोके आणि लिव्हरचे सांधे दुप्पट वेगाने झिजतात. म्हणून मुठीचे फेरे दोष मोजण्यासाठी वापरावेत असे माझे मत आहे. नवे लायनर बसवल्यावर किती फेरे शिल्लक होते आणि आता किती आहेत, याची नोंद ठेवली तर झीज डोळ्यांना दिसते. वर्षभरात जेमतेम शंभर-दोनशे किलोमीटर धावलेल्या ट्रकचे फेरे झपाट्याने संपत असतील, तर ती झीज असूच शकत नाही, कारण उभ्या गाडीचा ब्रेक उभ्या गाडीत झिजत नाही. दुसरेच काहीतरी चालू आहे.

ते दुसरे काय, हे शोधायला लिव्हरपासून सुरुवात करू नये. उलट्या टोकाने, चाकांकडून यावे. पहिला प्रश्न असा: ट्रक हलतो तेव्हा नेमके काय फिरते? हलक्या उतारावर, चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे वीतभर अंतरावर ठेवून, हँडब्रेक ओढून पायाचा ब्रेक हळूच सोडायचा आणि दुसऱ्या माणसाने बाजूला सुरक्षित उभे राहून प्रोपेलर शाफ्टकडे पाहायचे. ट्रक बोटभर सरकला आणि थांबला, ड्रम मात्र स्थिर, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. क्राउन-पिनियनचे दाते, जॉइंट आणि शाफ्टच्या खाचा यांतली ढिलाई संपेपर्यंत असा धक्का या रचनेत बसणारच. अनेक मालक त्यालाच कमकुवत ब्रेक समजतात आणि कारण नसताना मूठ आवळतात. पण ट्रक सरकत राहिला आणि शाफ्टबरोबर ड्रमही फिरत असेल, तर ब्रेक घसरतो आहे. आणि ट्रक सरकतो, पण शाफ्ट व ड्रम दोन्ही जागीच असतील, तर गोष्ट जास्त गंभीर आहे: ब्रेक आपले काम करतो आहे, पण त्याच्यापासून चाकांपर्यंतच्या वाटेत काहीतरी तुटले आहे. अशा वेळी मूठ फिरवणाऱ्याला आयुष्यभर उत्तर सापडणार नाही. दोन मिनिटांच्या या एका निरीक्षणाने तीन वेगवेगळे आजार वेगळे काढता येतात, आणि त्यासाठी एकही अवजार लागत नाही.

ब्रेक घसरत असेल तर पुढची नजर ड्रमच्या खाली टाकावी. तिथे तेलाचा ओघळ दिसला तर बहुतेक उत्तर मिळालेच. ड्रम जिथे बसतो त्याच्या लगेच मागे ट्रान्सफर केसचे ऑइल सील असते. ते गळू लागले की गिअर ऑइल आधी ड्रमवर आणि मग लायनरवर जाते. हे या ट्रकचे ठरलेले दुखणे आहे, आणि म्हणूनच इथे घाई होते. सील बदलले, लायनर बदलले, हँडब्रेक उत्तम झाला, आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. मग सीलच्या दर्जाला दोष दिला जातो. पण सील का गळले हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. ट्रान्सफर केस चालताना तापते, तिच्यातली हवा फुगते, आणि ती बाहेर जावी म्हणून तिला श्वास घेण्याची वाट, म्हणजे ब्रीदर, दिलेली असते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकमध्ये ती वाट चिखलाने, गंजाने, एखाद्या किड्याच्या घरट्याने किंवा रंगकाम करणाऱ्याच्या रंगाने बंद होते. मग तापलेली हवा दुसरी वाट शोधते, आणि सर्वांत कमजोर वाट म्हणजे सीलची कड. तिथून हवेबरोबर तेल ढकलले जाते. नवे सीलही असेच हरते. त्यात शाफ्टवर जुन्या सीलने कोरलेली खाच असेल किंवा केसमध्ये तेल पातळीच्या वर भरलेले असेल तर आणखी भर. म्हणजे ‘हँडब्रेक धरत नाही’ या तक्रारीचे मूळ हँडब्रेकमध्ये नसून कधी कधी गिअरच्या पेटीवरच्या करंगळीएवढ्या बंद झालेल्या छिद्रात असते. त्या छिद्रापासून लिव्हरच्या मुठीपर्यंत पाच पायऱ्या आहेत: बंद वाट, वाढलेला दाब, गळके सील, भिजलेले लायनर, आवळलेली केबल. आवळणारा माणूस पाचव्या पायरीवर उभा राहून पहिल्या पायरीवरचा दोष दुरुस्त करू पाहतो.

तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, सँडपेपरने घासून किंवा त्यावर ज्वाला फिरवून पुन्हा बसवण्याची पद्धत जगभरच्या गॅरेजांत आहे आणि आपल्याकडेही आहे. तिच्या बाजूने सांगितले जाते की जुन्या गाडीचे लायनर सहज मिळत नाहीत आणि घासल्यावर ब्रेक लगेच लागू पडतो. लगेच लागू पडतो हे खरे आहे. पण लायनर सच्छिद्र असते. पृष्ठभागावरचे तेल निघते, पोटातले राहते, आणि ब्रेक पुन्हा तापला की ते वर येते. म्हणजे परीक्षेच्या दिवशी पास होणारा आणि गरजेच्या दिवशी नापास होणारा ब्रेक आपण तयार केलेला असतो. त्यापेक्षा शूवर नवे लायनर चढवून घेणे हाच मार्ग आहे. हे काम करणारे कारागीर आपल्याकडे अजूनही आहेत. घासण्याला माझा आणखी एक सक्त विरोध आहे. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते कोरडे घासले किंवा काँप्रेसरच्या हवेने ड्रम झटकला की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात, फुप्फुसात उतरतात, आणि त्यांचा कर्करोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. अमेरिकेनेही पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा अंतिम नियम काढायला मार्च २०२४ उजाडला. जुना ड्रम उघडायचा तर धूळ ओल्या फडक्याने टिपून काढावी आणि त्या कामाला लहान मुलगा लावू नये. हे सांगावे लागते, कारण आपल्या गॅरेजमध्ये ड्रम झटकण्याचे काम सर्वांत लहान हातांकडेच जाते.

ड्रम कोरडा असेल, तेलाचा मागमूस नसेल, तर मात्र वाट सोपी आहे. लायनर चकचकीत झाले आहे का, ड्रमच्या आतल्या-बाहेरच्या कडांना गंजाची पापुद्री धरली आहे का, दोन्ही शू सारखे टेकतात का, केबल आपल्या नळीत मोकळी सरकते का, सांध्यांच्या पिना झिजून भोके लांबट झाली आहेत का, हे याच क्रमाने पाहायचे. हे सगळे जागेवर आल्यावर केबलची लांबी ठरवायची, आणि मूठ सर्वांत शेवटी. या कामातला सर्वांत धोक्याचा क्षणही लक्षात ठेवायला हवा: जुळवणी करताना लिव्हर खाली सोडावीच लागते, म्हणजे माणूस ट्रकखाली असतो तेव्हा ट्रकला कुणीही धरलेले नसते. सपाट जमीन आणि चाकांना दोन्ही बाजूंनी घट्ट ठोकळे नसतील तर त्या दिवशी काम सुरूच करू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी चालकांकडून. गिअर टाकून ठेवला की झाले, हँडब्रेक कशाला, असे ते म्हणतात. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला ते चालूनही जाते. पण गिअरमध्ये ठेवलेली गाडी धरते कोण? इंजिनच्या सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा. ती हवा पिस्टनच्या रिंगांतून हळूहळू निसटते आणि मग इंजिन अर्धा फेरा फिरून पुढच्या सिलिंडरवर टेकते. उतारावर ट्रक असा इंचाइंचाने सरकू शकतो. एम-३५मध्ये वाटेत ट्रान्सफर केसही आहे. ती न्यूट्रलमध्ये राहिली तर गिअर टाकला काय आणि न टाकला काय, सारखेच. आणि डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. पुढच्या गिअरमध्ये पुढे घसरलेला ट्रक, इंधन तोडणारी दांडी ओढलेली नसेल तर, स्वतःच सुरू होऊ शकतो. गिअर टाकावा, जरूर टाकावा, पण हँडब्रेकच्या जोडीला. चाकाखालच्या ठोकळ्याबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. तो बाळगावा, वापरावा, आणि निघताना उचलून गाडीत ठेवावा. पण ठोकळ्याने उभी गाडी थांबते. उतारावर पायाचा ब्रेक गेल्यावर तो कामाचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. हा ब्रेक मुळातच कमकुवत आहे, तेव्हा तो काढून त्या जागी आधुनिक डिस्क ब्रेक बसवा, असे काही जाणकार मालक सांगतात आणि तसे करतातही. याच्या उलट दुसऱ्या टोकाला जुन्या वस्तूचे जतन करणारे उभे असतात. त्यांना एक बोल्टही बदललेला चालत नाही. मला दोघांचेही अर्धेच पटते. जतन करणाऱ्यांचे हे खरे की मूळ ब्रेक कोरडा, नीट जुळवलेला असेल तर आपले काम करतो. वरचा गुणाकार तेच सांगतो. पण एकाच मंडळाचा पायाचा ब्रेक केवळ मूळचा म्हणून तसाच ठेवून सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढायची, हे मला मान्य नाही. तिथे दोन मंडळांचा मास्टर सिलिंडर बसवणे हा वस्तूचा अपमान नाही. बदल करणाऱ्यांना माझा प्रश्न वेगळा आहे: सील आणि ब्रीदर पाहिले का? नवी डिस्क त्याच शाफ्टवर, त्याच गळक्या सीलच्या शेजारी बसणार असेल तर तिच्या पॅडवरही तेच तेल जाणार. दोष न शोधता केलेला महागडा बदल आणि मूठ फिरवणे यांत फरक फक्त खर्चाचा आहे.

‘वर्षातून दोनदा संचलनात काढतो, एवढे कशाला’ हा तिसरा युक्तिवाद. मला तो उलटाच वाटतो. रोज चालणाऱ्या गाडीचे सील तेलात भिजून मऊ राहते, ड्रम घासून स्वच्छ राहतो, चालकाला बिघाड दुसऱ्या दिवशी कळतो. उभ्या गाडीत सीलची कड कोरडी होऊन कडक होते, केबल नळीत गंजते, आणि कळायला वेळ मिळतच नाही. पहिली चाचणी थेट गर्दीत होते. संचलनात ट्रकच्या पुढे-मागे माणसे असतात, मुले चाकाशी उभी राहून फोटो काढतात. सहा टन लोखंड तिथे हातभर सरकले तरी पुरे.

हे सगळे दूरच्या अमेरिकी ट्रकचे, असे वाटत असेल तर आपल्या अंगणात पाहावे. महिंद्रांनी १९४७मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या शेतात, जंगलखात्यात, पोलिसांत, सैन्यात चाललेल्या त्या घराण्यातल्या जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेकही असाच ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर बसतो. तेच सील, तोच ड्रम, तेच भिजलेले लायनर. त्यात जीपला एक जास्तीचा धोका आहे. ती टू-व्हीलवर असते तेव्हा शाफ्टवरचा ब्रेक फक्त मागच्या एक्सलला धरतो. पंक्चर काढायला मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते उचललेले चाक एका दिशेने आणि जमिनीवरचे दुसरे चाक उलट दिशेने फिरू शकते. हँडब्रेक पूर्ण लागलेला असतानाही जीप जॅकवरून घसरते. याला कमकुवत हँडब्रेक म्हणता येत नाही, पण मालकाला हे ठाऊक नसते, आणि तो पुन्हा केबलच आवळतो.

म्हणून माझी मागणी कागदावरच्या नियमाच्या पुढे जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६वा नियम पायाचा मुख्य ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र व सक्षम यंत्रणा मागतो. जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या, हौसेने जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीची सोय केली आणि तिची मुदत दहा वर्षे ठेवली. जुनी वाहने जपली जावीत याचा मला मनापासून आनंद आहे. पण दहा वर्षे हा रबरी सीलच्या आयुष्यात फार मोठा काळ आहे. अशा गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात, गाडी मैदानात शिरण्याआधी, आयोजकांनी एक चढ निवडावा आणि प्रत्येक गाडी तिथे न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकवर उभी करून दाखवायला सांगावी: एकदा तोंड वर करून, एकदा खाली करून, कारण काही शू एका दिशेला जितके घट्ट धरतात तितके दुसऱ्या दिशेला धरत नाहीत. ठोकळे चाकापासून वीतभर दूर, एक माणूस पायाच्या ब्रेकवर तयार, आणि पाच मिनिटे थांबायचे. पाच मिनिटे यासाठी की तेलकट लायनरवर गाडी धप्पकन सुटत नाही, बोटाबोटाने सरकते. खडूची एक रेघ टायरपासून जमिनीवर ओढून ठेवली की ते सरकणे कुणालाही दिसते.

आणि जुना लष्करी ट्रक किंवा जीप विकत घ्यायला निघालेल्याने इंजिनचा आवाज ऐकण्याआधी खाली वाकून ट्रान्सफर केसच्या मागे बोट फिरवावे. बोटाला तेल लागते का ते पाहावे. मग केबिनमध्ये चढून लिव्हर खाली सोडावी आणि मूठ फिरवून बघावी, अजून किती फेरे शिल्लक आहेत.